राइट क्लिकचा मेनू कोणी रचायचा?

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांचा मिळून 2023 च्या ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावरचे तिगाव याच जिल्ह्यात येते. बोलणे मराठी, शाळा आणि सरकारी कागद हिंदी, नातीगोती नरखेड-काटोल-वरुडपर्यंत पसरलेली, असा हा मुलूख आहे. अशा गावात संगणकावरचे काम बहुतेक लोक घरी करत नाहीत, ते ऑनलाइनवाल्याच्या दुकानात जाऊन करून घेतात. मध्य प्रदेश सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांची एमपी ऑनलाइन ही भागीदारी 2006 सालची. लोकसेवांची हमी देणारा कायदा राज्याने 2010 मध्ये केला आणि त्यातून लोकसेवा केंद्रे उभी राहिली. तेव्हापासून समग्र आयडी, आय म्हणजे उत्पन्नाचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला, मूल निवासी म्हणजे रहिवासाचा दाखला, खसरा आणि बी-1 या जमिनीच्या कागदांची नक्कल, 2023 पासून लाडली बहना योजना, असे एकेक काम संगणकाच्या पडद्यावर आले. या प्रत्येक कामात कागदाची कधी ना कधी फाइल होते आणि ती फाइल हाताळण्यासाठी माणूस दिवसभरात अनेकदा माउसचे उजवे बटण दाबतो. त्या बटणाखाली उघडणारी यादी कोणी आणि कशी रचावी, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की ती यादी कामाच्या क्रमाने रचलेली असावी, आणि हा क्रम काम करणाऱ्यालाच ठाऊक असल्यामुळे रचण्याचा अधिकार आणि जबाबदारी त्याचीच आहे. आजवरचा अनुभव, संशोधन आणि उपलब्ध साधने यांचा आढावा घेतला की हे म्हणणे टिकते, पण काही अटींसह टिकते.

आधी काम नेमके काय असते ते जवळून पाहू. बँकेतल्या लिपिकपदाच्या परीक्षेचा अर्ज भरायला एखादी मुलगी येते. ही परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या अर्जाला फोटो 200 गुणिले 230 पिक्सेलचा आणि 20 ते 50 केबीचा लागतो, सही 140 गुणिले 60 पिक्सेलची आणि 10 ते 20 केबीची. शिवाय अंगठ्याचा ठसा आणि हाताने लिहिलेले प्रतिज्ञापत्र लागते, त्यांची मापे आणखी वेगळी. फोटो मोबाइलवरून व्हॉट्सअ‍ॅपने येतो आणि डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये तारीख-वेळेच्या लांबलचक नावाने पडतो. सही आणि ठसा स्कॅनरमधून येतात, त्यांना स्कॅनरने दिलेला क्रमांक असतो. मग या चारही चित्रांना कापायचे, लहान करायचे, ओळखू येतील अशी नावे द्यायची, त्या मुलीच्या फोल्डरमध्ये टाकायचे, चढवायचे, भरलेल्या अर्जाची पीडीएफ काढून छापायची, आणि शेवटी तिचे कागद दुकानाच्या मशीनवरून पुसायचे. अर्जातल्या रकान्यांत मजकूर भरणे हा या कामाचा छोटासा भाग आहे. उरलेला सगळा भाग फाइलींची ने-आण, नामकरण, आकारबदल आणि सफाई हाच आहे. चूक झाली तर तीही बहुधा इथेच होते. एका मुलीच्या अर्जाला दुसरीची सही लागते, मोठा फोटो नाकारला जातो, जुनी गुणपत्रिका चढते. अर्जाची मुदत संपत आली असताना झालेली अशी चूक त्या उमेदवाराचे वर्ष घालवू शकते. म्हणून फाइल हाताळणे ही किरकोळ बाब मानता येत नाही.

आता मेनूचा इतिहास. माउसचे बटण दाबताच बाणाजवळ यादी उघडावी ही कल्पना झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात 1970 च्या दशकात, आल्टो संगणक आणि स्मॉलटॉक भाषेवरच्या कामात आकाराला आली. घरोघरच्या संगणकावर ती रुजली विंडोज 95 मुळे. 24 ऑगस्ट 1995 ला बाजारात आलेल्या त्या प्रणालीने फाइलीवर राइट क्लिक केले की त्या फाइलीचे काय काय करता येईल याची यादी समोर ठेवली. अ‍ॅपलने मात्र 2005 पर्यंत आपला माउस एकाच बटणाचा ठेवला. जास्त बटणांनी नवखा माणूस गोंधळतो, अशी त्यामागची भूमिका होती. बाणाजवळच यादी उघडण्याला शास्त्रीय आधारही आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलेला नियम सांगतो की लक्ष्य जितके जवळ आणि जितके मोठे, तितका हात तिथे लवकर पोचतो. म्हणजे कल्पना मुळात उत्तम होती. बिघाड नंतर झाला. प्रत्येक नव्या प्रोग्रामला या यादीत आपली ओळ घालण्याची मुभा होती आणि बहुतेकांनी ती वापरली. व्हायरस शोधणारा, फाइली आवळणारा, क्लाउडमध्ये साठवणारा, फोटो दाखवणारा, सगळ्यांनी आपापली जागा धरली. 2021 च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहिले की हा मेनू गेली 20 वर्षे कोणाच्याही नियंत्रणाविना वाढत गेला आहे. त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला आलेल्या विंडोज 11 मध्ये त्यांनी तो छाटला. कट, कॉपी, रिनेम, डिलीट यांची चिन्हे केली आणि जुनी सगळी यादी ‘शो मोअर ऑप्शन्स’ या एका ओळीमागे ढकलली. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्यामुळे जुन्या सवयीच्या अनेकांना आता हा बदल स्वीकारावा लागतो आहे. या साऱ्या इतिहासात दोघांनी मेनू रचला: आधी प्रोग्राम विकणाऱ्यांनी तो फुगवला, मग प्रणालीच्या मालकाने तो आवळला. फाइलींवर दिवस घालवणाऱ्या माणसाला दोन्ही वेळा कोणी विचारले नाही.

काम करणाऱ्याला विचारण्यात अर्थ आहे का, यावर संशोधन उपलब्ध आहे आणि ते माझ्या म्हणण्याला बळ देते. मायक्रोसॉफ्टने ऑफिस 2000 मध्ये एक प्रयोग केला होता: तुम्ही जे पर्याय वापरत नाही ते संगणक आपोआप लपवेल आणि वापरलेले वर ठेवेल. काल जिथे होते तिथे आज काही सापडत नसल्यामुळे लोक वैतागले आणि 2007 च्या ऑफिसमध्ये ती मांडणी गेली. हाच प्रश्न कॅनडातल्या लिआ फिंडलेटर आणि जोॲना मॅकग्रेनर यांनी 2004 मध्ये प्रयोगशाळेत तपासला. त्यांनी तीन प्रकारचे मेनू शेजारी ठेवले: कधीच न बदलणारा, संगणक आपोआप बदलतो तो, आणि वापरणारा स्वतः बदलतो तो. आपोआप बदलणारा मेनू स्थिर मेनूपेक्षा हळू ठरला. स्वतः बदललेला मेनू स्थिर मेनूपेक्षा हळू ठरला नाही, आणि बहुतेकांनी पसंतीही त्यालाच दिली. याचा अर्थ हाताला जागा पाठ होते आणि ती जागा दुसऱ्याने हलवली की वेग जातो. मात्र ज्याने स्वतः हलवली त्याला ती कुठे आहे हे माहीतच असते. संगणकाने माझी सवय ओळखून मेनू बदलावा ही आज पुन्हा जोर धरणारी अपेक्षा या पुराव्यापुढे फार टिकत नाही. बदल हवा, पण तो समजून-उमजून एकदा केलेला आणि नंतर स्थिर राहणारा हवा.

या पुराव्याला दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. वेंडी मॅके यांनी 1991 मध्ये एमआयटीमधल्या 51 संगणक-वापरकर्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बदल करण्याची सोय असूनही लोक तो टाळतात, हे त्यात ठळकपणे दिसले. वेळ नसतो, आणि चालते आहे ते बिघडेल अशी धास्ती असते. ते लोक संगणकात मुरलेले होते; तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराकडे तर वेळ त्याहून कमी असतो, कारण समोर रांग असते. त्याच काळात झेरॉक्सच्या केंब्रिजमधल्या केंद्रात ॲलन मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जिथे थोडी जाण असलेला, लोकांत मिसळणारा एखादा जण इतरांसाठी बदल करून देतो, तिथे बदल पसरतात. मॅके यांनाही लोक एकमेकांकडून तयार मांडणी उचलतात असे आढळले होते. म्हणून ‘काम करणाऱ्याने मेनू रचावा’ याचा अर्थ प्रत्येकाने एकट्याने बसून विंडोजच्या सेटिंगांचा साठा असलेली रजिस्ट्री उकरावी असा घेऊ नये. मेनूत काय हवे हे काम करणाऱ्याने ठरवायचे, आणि ते बसवून देण्याचे काम त्याच्या ओळखीतल्या जाणत्याने केले तरी चालते.

रचनेची सुरुवात मात्र वजाबाकीने व्हावी. मेनू सुधारायचा म्हटले की लोकांना आधी नवे काही जोडायचे सुचते, आणि लांब यादीत चार ओळी वाढल्याने ती आणखी लांब होण्यापलीकडे काही साधत नाही. वापरात नसलेला प्रोग्राम काढून टाकला की त्याची ओळही बहुधा जाते. सेव्हन-झिप किंवा विनरारसारखे प्रोग्राम आपल्या कोणत्या ओळी मेनूत असाव्यात हे त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्येच विचारतात. तिथल्या खुणा काढल्या की आठ-दहा ओळींच्या जागी एक-दोन उरतात. याने डोळ्यांना सुटसुटीत वाटते, शिवाय आणखी एक फायदा होतो. मेनूतल्या कित्येक ओळी साध्या नसतात. त्यांच्यामागे प्रोग्रामचा एक तुकडा असतो आणि तो राइट क्लिक करताच विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये, म्हणजे फाइली दाखवणाऱ्या प्रोग्राममध्येच, चढवला जातो. असा एखादा तुकडा जुना किंवा बिघडलेला असेल तर मेनू उघडायला वेळ लागतो, कधी एक्सप्लोरर बंद पडून पुन्हा सुरू होतो. जुन्या, कमी मेमरीच्या मशीनवर हे जास्त जाणवते. नीर सोफर यांचा शेलएक्सव्ह्यू हा छोटा मोफत प्रोग्राम असे सगळे तुकडे यादीत दाखवतो आणि एकेक बंद करून दोषी कोण हे शोधू देतो. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या तुकड्यांना हात न लावता फक्त बाहेरच्या प्रोग्रामचे तपासायचे, आणि काहीही पुसायचे नाही, फक्त बंद करायचे, एवढे पथ्य पाळले तर यात धोका नाही. संगणक हळू झाला म्हणून नवा घेण्याआधी एवढी तपासणी प्रत्येक दुकानात व्हायला हवी.

बेरजेसाठी सर्वांत सोपी, सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरली गेलेली सोय म्हणजे ‘सेंड टू’. ती विंडोज 95 पासून आहे आणि तिच्यासाठी कुठलाही प्रोग्राम लागत नाही. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून ‘शेल:सेंडटू’ असे रोमन अक्षरांत लिहिले की एक साधे फोल्डर उघडते. त्या फोल्डरमध्ये ज्याचा शॉर्टकट ठेवाल ते मेनूत दिसू लागते. ‘आजची कामे’, ‘छापायचे’, ‘दाखले’, ‘जमिनीचे कागद’ अशी तीन-चार फोल्डरे तिथे बसवली आणि त्यांना देवनागरीत नावे दिली, तर डाउनलोड्समध्ये पडलेली फाइल तिच्या जागी पोचवायला दोन खिडक्या शेजारी उघडून ओढाताण करावी लागत नाही. फोल्डरऐवजी फोटो कापण्याच्या प्रोग्रामचा शॉर्टकट ठेवला तर निवडलेली फाइल थेट त्यात उघडते. इथे एक बारकावा मात्र पक्का लक्षात ठेवावा लागतो. ‘सेंड टू’ फाइल ओढून टाकल्यासारखे वागते: लक्ष्य त्याच ड्राइव्हवर असेल तर फाइल मूळ जागेवरून हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर असेल तर तिची प्रत जाते. प्रत हवी असेल तर कंट्रोल आणि हलवायची असेल तर शिफ्ट दाबून धरायचे. हे ठाऊक नसले की ‘फाइल गायब झाली’ अशी घबराट होते. ठाऊक असले की डाउनलोड्सचे फोल्डर आपोआप रिकामे राहते, कारण काम झालेली फाइल तिथून उठलेलीच असते. विंडोज 11 मध्ये ‘सेंड टू’ जुन्या यादीत गेले आहे, पण शिफ्ट दाबून राइट क्लिक केले किंवा शिफ्ट आणि एफ-10 दाबले की ती यादी थेट उघडते.

यापुढची पायरी म्हणजे मेनूत आपल्या कामाची स्वतंत्र ओळ घालणे. रजिस्ट्रीत फाइलीच्या प्रकाराखाली ‘शेल’ नावाच्या शाखेत आपल्या कामाचे नाव आणि त्याखाली ‘कमांड’ असे घालून प्रोग्रामचा पत्ता दिला की ओळ तयार होते. या पद्धतीत तीन गोष्टी उपयोगाच्या आहेत. एक, ओळ फक्त चित्रांसाठी किंवा फक्त पीडीएफसाठी बसवता येते, त्यामुळे नको तिथे ती दिसत नाही. दोन, ‘एक्स्टेंडेड’ अशी खूण दिली की ती ओळ शिफ्ट दाबल्यावरच दिसते. क्वचित लागणाऱ्या किंवा जोखमीच्या कामांसाठी हे फार योग्य आहे. तीन, हा बदल रजिस्ट्रीच्या चालू वापरकर्त्याच्या भागात केला तर तो त्या माणसापुरता राहतो आणि त्याला प्रशासकाची परवानगीही लागत नाही. ज्यांना रजिस्ट्रीला हात लावायचा नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचाच पॉवरटॉइज हा मोफत प्रोग्राम-संच आहे. विंडोज 95 च्या काळातले हे नाव 2019 मध्ये मुक्त-स्रोत प्रकल्प म्हणून पुन्हा सुरू झाले. त्यातला इमेज रीसायझर राइट क्लिकमधून चालतो आणि त्यात आपली मापे नावानिशी साठवता येतात. ‘बँक फोटो’ 200 गुणिले 230, ‘बँक सही’ 140 गुणिले 60 अशी मापे एकदा भरली की पुढे प्रत्येक उमेदवारासाठी आकडे टाकावे लागत नाहीत. ‘फिल’ हा प्रकार निवडला तर तो चित्राचे प्रमाण न बिघडवता जास्तीची कड कापतो. चेहरा ताणलेला फोटो यामुळे टळतो. नव्या फाइलीच्या नावात मूळ नाव आणि मापाचे नाव दोन्ही घालता येतात. केबीची मर्यादा तो थेट पाळत नाही, पण जेपेगची गुणवत्ता कमी करून फाइल मर्यादेत आणता येते. मूळ फोटोवरच बदल करण्याचा पर्याय मात्र बंद ठेवावा, कारण तोच फोटो उद्या दुसऱ्या मापात लागतो. त्याच संचातले पॉवररिनेम वीस पाने स्कॅन केल्यावर सगळ्यांची नावे एकदम बदलते. इथे आणखी एक ठेच अनेकांना लागते: 15 पेक्षा जास्त फाइली एकदम निवडल्या की विंडोज मेनूतून ओपन, प्रिंट, एडिट या ओळी काढून घेते. यात संगणकाचा बिघाड नाही. चुकून शंभर खिडक्या उघडू नयेत म्हणून घातलेला तो अटकाव आहे. पंधरा-पंधराचे गट केले की छपाई सुरळीत होते, आणि जाणत्याला ती मर्यादा रजिस्ट्रीत वाढवताही येते.

विंडोजच्या बाहेर हीच गोष्ट अधिक सोपी आहे, हे आढाव्यात नोंदवायला हवे. लिनक्सवरच्या थुनार या फाइल मॅनेजरमध्ये मेनूत ओळ घालायची खिडकीच दिलेली आहे. नाव लिहायचे, आज्ञा लिहायची, कोणत्या प्रकारच्या फाइलींवर दिसावी त्यावर खूण करायची, संपले. ग्नोमच्या फाइल्स प्रोग्राममध्ये ठरलेल्या फोल्डरात स्क्रिप्ट ठेवली की ती मेनूत येते आणि केडीईच्या डॉल्फिनमध्ये एका छोट्या मजकूर-फाइलने हेच साधते. सीडॅकने 2007 पासून भारतीय भाषांसह दिलेली बॉस लिनक्स आपल्याकडे आहेच. मॅकवर 2005 मध्ये नेहमीची कामे आपोआप करून देणारा ऑटोमेटर आला आणि 2018 मध्ये ‘क्विक ॲक्शन्स’ मेनूत आल्या; अनेक चित्रे निवडून त्यांची एक पीडीएफ करण्याची ओळ तिथे मुळातच असते. एकच बटण ठेवण्यावर ठाम असलेल्या कंपनीनेही अखेर वापरणाऱ्याला मेनूत जागा दिली, यातून वाटचालीची दिशा दिसते. विंडोज 11 मात्र उलट्या दिशेला गेले. नव्या छोट्या मेनूत आपली ओळ आणायची तर रीतसर बांधलेला प्रोग्राम लागतो. साध्या रजिस्ट्रीतली ओळ जुन्या यादीतच राहते. सुरक्षितता आणि वेग ही त्याची कारणे पटण्यासारखी आहेत, पण मुक्त प्रणालीत असलेली साधी खिडकी इथेही देता आली असती. ती दिली नाही, ही मायक्रोसॉफ्टच्या रचनेतली खरी उणीव आहे.

आता आक्षेप. पहिला असा की हे सगळे जाते आहे. लोक मोबाइलवर काम करतात, डिजिलॉकर 2015 पासून आहे, फाइल ही गोष्टच उरणार नाही. डिजिलॉकरमुळे काही कागदांची ने-आण कमी झाली हे खरे. पण अर्जाचे संकेतस्थळ अजून ठरावीक मापाचा फोटो आणि पीडीएफ मागते, जुना हस्तलिखित दाखला अजून स्कॅनच करावा लागतो, आणि मोबाइलवर होत नाही ते काम घेऊनच माणूस दुकानात येतो. घरी सोपी कामे होऊ लागली की दुकानात अवघड कामे उरतात, म्हणजे तिथे नीटनेटकेपणाची गरज वाढते. दुसरा आक्षेप असा की जाणकार माणूस मेनू वापरतच नाही, तो कीबोर्डवर काम करतो. कॉपीला कंट्रोल-सी, नावाला एफ-2 हे मेनूपेक्षा जलद आहेत यात वाद नाही, आणि ते प्रत्येकाने शिकावेत. म्हणूनच मेनूत त्यांच्यासाठी नवी ओळ नको. ज्या कामांना कळ नाही, जसे बँकेच्या मापाचा फोटो किंवा ‘दाखले’ फोल्डरात रवानगी, त्यांच्यासाठी मेनूची जागा राखावी. तिसरा आक्षेप म्हणतो की वाचतात ते काही सेकंदच. सेकंदांचा हिशेब मीही मांडत नाही. फाइल चुकीच्या जागी न जाणे, माप चुकून अर्ज न फेटाळला जाणे, एकाचा कागद दुसऱ्याला न लागणे, हा खरा लाभ आहे. संत्र्याच्या मोसमात माल प्रतवारीने वेगवेगळ्या ढिगांत पडला तर पेट्या भरताना गोंधळ होत नाही. इथेही आधीची वाटणी नीट असली की पुढची चूक टळते.

चौथा आक्षेप जास्त गंभीर आहे: मशीन एकाचे नसते. दुकानात दोघे-तिघे बसतात, बदली होते, आणि एकाने फिरवलेला मेनू दुसऱ्याला परका होतो. फिंडलेटर-मॅकग्रेनर यांचा निष्कर्ष इथे आक्षेपाच्याच बाजूने जातो, कारण दुसऱ्याने हलवलेली जागा हाताला सापडत नाही. याला उत्तर दोन पथ्यांत आहे. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असावे आणि बदल त्या खात्यापुरते असावेत. आणि मूळ ओळींचा क्रम कोणी बदलू नये. आपल्या ओळी एकाच उपमेनूत, म्हणजे ‘सेंड टू’ मध्ये किंवा स्वतंत्र गटात, एकत्र ठेवाव्यात. असे केले तर नव्या माणसाला नेहमीचा मेनू जसाच्या तसा मिळतो आणि वर एक नवी ओळ दिसते, एवढेच. पाचवा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. ‘मेनू सजवा’ म्हणून मिळणारे अनोळखी प्रोग्राम उतरवणे धोक्याचे आहे. ज्या मशीनवर गावाचे आधार क्रमांक आणि बँक पासबुकांच्या प्रती फिरतात, तिथे असा प्रोग्राम बसवणे हे ग्राहकांशी केलेला दगाच होईल. म्हणूनच वर सांगितलेले बहुतेक उपाय प्रणालीत मुळात असलेले किंवा खुद्द मायक्रोसॉफ्टने दिलेले आहेत. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी त्या शाखेची प्रत काढून ठेवणे सक्तीचे मानावे. विंडोजच्या अद्ययावतीकरणात काही बदल पुसलेही जातात; ‘सेंड टू’ इतक्या वर्षांत टिकले आहे, त्यामुळे विसंबायचे तर आधी त्याच्यावर.

सुरक्षिततेचाच धागा पुढे नेला तर मेनूचा असा एक उपयोग दिसतो ज्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आणि काम संपल्यावर माहिती पुसणे हे त्याचे एक मूलभूत तत्त्व आहे. प्रत्यक्षात दुकानांच्या डाउनलोड्समध्ये महिनोन्‌महिने लोकांचे कागद साचतात. यात वाईट हेतू क्वचितच असतो. पुसण्यासाठी शोधावे लागते आणि शोधायला सवड नसते, म्हणून ते साचतात. प्रत्येक ग्राहकाच्या फाइली पहिल्यापासून ‘आजची कामे’ या एकाच फोल्डरमध्ये गेल्या, तर संध्याकाळी ते एक फोल्डर तपासून रिकामे करणे शक्य होते. शिफ्ट-डिलीट केले नाही तर त्या फाइली रीसायकल बिनमध्ये राहतात, हेही ध्यानात ठेवावे आणि तेही रिकामे करावे. कायद्याचे पालन म्हणजे मोठी यंत्रणा असा समज आहे. गावातल्या टेबलावर त्याची सुरुवात फाइल योग्य जागी पडण्यापासून होते, आणि ती जागा दाखवणे हे मेनूचे काम आहे.

प्रश्न उरतो तो हे पसरवायचे कसे. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी सीपीसीटी ही परीक्षा आहे, तिच्यात टायपिंगचा वेग मोजला जातो. माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाशी जोडलेल्या केंद्रांतून डीसीए आणि पीजीडीसीए हे संगणकाचे अभ्यासक्रम करणारी मुले याही भागात आहेत. सीमेपलीकडे महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आहे. या शिक्षणात टायपिंग शिकवले जाते. फाइलींची शिस्त, म्हणजे एक कागद आल्यापासून पुसला जाईपर्यंत कुठून कुठे जातो हे, तितक्याच गांभीर्याने शिकवायला हवे, आणि त्यासाठी ‘सेंड टू’चे फोल्डर हा एका तासाचा उत्तम पाठ आहे. मॅके आणि मॅक्लीन यांच्या अभ्यासातून निघणारा मार्गही तोच आहे: पांढुर्णा-सौंसरमधल्या चार जाणत्या तरुणांनी आपल्या भागातल्या कामांना लागणारी मापे, फोल्डरांची नावे आणि मेनूच्या ओळी यांचा एक साधा संच तयार करावा, तो दुकानदारांसमोर ठेवून त्यांच्या सांगण्यावरून दुरुस्त करावा, आणि बसवून द्यावा. रजिस्ट्रीतला बदल एका छोट्या फाइलीत साठवता येतो आणि ‘सेंड टू’चे शॉर्टकट नुसते उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवता येतात, त्यामुळे याला खर्च जवळजवळ नाही. कोणत्या ओळी हव्यात याचा निर्णय मात्र प्रत्येक टेबलावर वेगळा होईल. जमिनीच्या नकला काढणाऱ्याला एक यादी लागेल, परीक्षेचे अर्ज भरणाऱ्याला दुसरी, आणि ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरला तिसरी. बाहेरच्या कोणालाही या तिन्ही याद्या आधी ठाऊक असू शकत नाहीत. यादीतून आधी काय काढायचे, मग काय घालायचे आणि ते कुठे स्थिर ठेवायचे हे ठरवणे ही त्या टेबलावरच्या माणसाच्या कामाचाच भाग आहे, आणि ते काम त्याच्याकडे सोपवणे हाच या प्रश्नाचा पुराव्यावर टिकणारा निकाल आहे.